‘दुरुस्त झालं’ ते नेमकं कुठे? प्लाझ्माचा साप्ताहिक वृत्तांत आणि वाचनालयातलं मशीन

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात सहा संगणक आहेत, सगळ्यांवर डेबियन १२ ही लिनक्सची डिस्ट्रो (वापरायला तयार बांधलेला लिनक्सचा संच) आणि केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा प्लाझ्मा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या, मेनू आणि पट्ट्या. काउंटरवरच्या मशीनला दोन मॉनिटर जोडलेत. एक ग्रंथपालांसमोर, दुसरा वाचकांकडे तोंड करून. त्यावर कोहा या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग उघडा असतो. लाइट जाऊन आली की खालचं पॅनेल (मेनू आणि घड्याळाची पट्टी) वाचकांच्या मॉनिटरवर जाऊन बसतं आणि ग्रंथपालांसमोर नुसता वॉलपेपर उरतो. प्रश्न विचारणारे गृहस्थ प्लाझ्माचा साप्ताहिक प्रगती-वृत्तांत नेमाने वाचतात. तीन आठवड्यांपूर्वी त्यात याच दोषाच्या दुरुस्तीची ओळ त्यांना दिसली. त्यानंतर तीन वेळा अपडेट चालवलं, दोष जागच्या जागी. आता ते विचारतात: दुरुस्त न करताच लिहितात की काय? आणि दर आठवड्याला नवा कोड मिळेल अशा डिस्ट्रोवर सहाही मशीनं न्यावीत का?

मी फोंड्यात असतो. केडीई ३ च्या काळापासून हाच डेस्कटॉप वापरतोय, आणि आज शाळा, एक छापखाना, एका देवस्थानाचं कार्यालय अशी मिळून चाळीसेक मशीनं माझ्याकडे आहेत. हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतं, म्हणून जरा बैठक मारून लिहितो.

दुरुस्त न करता कुणी लिहीत नाही, हे आधी सांगतो. आणि सहाही मशीनं नकोत, एखादं चालेल. पण तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्यात असं मला वाटतं. वृत्तांतात ‘दुरुस्त’ म्हटलेलं कुठे दुरुस्त झालेलं असतं, ही एक. कुठल्या मशीनने ताज्या कोडच्या किती जवळ राहावं, ही दुसरी. तिसरी तुम्ही विचारलेली नाही, पण मूळ बहुधा तिथेच आहे: लाइट जाते त्या क्षणी तुमच्या दोन मॉनिटरांचं काय होतं?

हा वृत्तांत केडीईच्या नेट ग्रॅहॅम यांनी २०१८ मध्ये लिहायला घेतला. त्याआधी केडीईचं कमिट-डायजेस्ट नावाचं साप्ताहिक निघत असे, पण ते समजायला स्वतः प्रोग्रामर असावं लागायचं. ग्रॅहॅम यांनी वापरणाऱ्याला कळेल अशा शब्दांत लिहिलं: आधी काय होत होतं, आता काय होईल. २०२४ पासून प्लाझ्माचा वृत्तांत वेगळा आणि ॲप्सचा वेगळा निघतो. शनिवारी सकाळी मी पहिल्यांदा तोच उघडतो. पगारी आणि बिनपगारी माणसं मिळून एवढं मोठं काम दर आठवड्याला पुढे नेतात आणि त्याचा हिशेब सगळ्यांसमोर ठेवतात, याचं मला आजही अप्रूप आहे.

मात्र तो हिशेब लिहिला जातो तो कोडच्या भांडाराशेजारी बसून. तुमच्या काउंटरवरून नव्हे. एक दुरुस्ती कशी चालत येते ते बघा. कुणीतरी बगझिलावर, म्हणजे केडीईच्या दोषनोंदीच्या साइटवर, दोष नोंदवतो. एखादा डेव्हलपर तो आपल्या मशीनवर घडवून बघतो, पॅच (दुरुस्तीचा कोड) लिहितो, गिटलॅब या कोडच्या साइटवर तो मिसळून घेण्याची मर्ज-विनंती टाकतो. दुसरा कुणीतरी तपासतो, शंका काढतो, पॅच पुन्हा लिहिला जातो. मग तो कोडच्या मुख्य शाखेत, म्हणजे पुढची आवृत्ती घडते त्या प्रतीत, मिसळतो. त्या क्षणी तो ‘दुरुस्त’ होतो आणि त्या आठवड्याच्या वृत्तांतात येतो. त्यापुढे तो चालू आवृत्तीच्या शाखेतही उतरवायचा की पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत थांबवायचा, हे ठरतं. ठरलेल्या तारखेला आवृत्ती निघते. मग डिस्ट्रोची माणसं तिचं पॅकेज बांधतात, तपासतात, आपल्या रिपॉझिटरीत (पॅकेजांच्या कोठारात) ठेवतात. आणि तुम्ही अपडेटचं बटण दाबता ते त्या शेवटच्या घरापाशी.

म्हणून वृत्तांतातल्या प्रत्येक ओळीसोबतचा आकडा वाचायची सवय लावा. तो कधी ओळीच्या शेवटी, डेव्हलपरच्या नावाशेजारी कंसात असतो, कधी वरच्या उपशीर्षकात. तुमच्या कामाची सगळी माहिती त्या आकड्यात आहे. प्रश्नात तुम्ही चिकटवलेल्या ओळीसोबत ६.४ च्या मालिकेतला आकडा आहे. आता सिस्टीम सेटिंग्ज उघडा, सगळ्यात खाली ‘अबाउट धिस सिस्टीम’ पाहा. तिथे प्लाझ्मा ५.२७.५ दिसेल, कारण डेबियन १२ मध्ये तेवढाच आहे. तीन वेळा अपडेट चालवलंत, तीस वेळा चालवलं असतं तरी त्या दोन आकड्यांमधलं अंतर मिटलं नसतं.

तिथे दर वेळी प्लाझ्माचाच आकडा असतो असंही नाही, आणि इथे अनुभवी माणसंही चकतात. प्लाझ्माची नवी आवृत्ती साधारण दर चार महिन्यांनी येत आली आहे: ६.० आली २८ फेब्रुवारी २०२४ ला, ६.१ जूनमध्ये, ६.२ ऑक्टोबरमध्ये, ६.३ फेब्रुवारी २०२५ मध्ये, ६.४ जूनमध्ये. प्रत्येकीच्या मागून दुरुस्त्यांच्या छोट्या आवृत्त्या निघतात, एका आठवड्याने पहिली, आणखी एकाने दुसरी, मग दोन, तीन आणि पाच आठवड्यांच्या अंतराने. फिबोनाचीची मालिका जाणूनबुजून घेतली आहे, कारण मोठी आवृत्ती बाहेर पडली की पहिल्या दोन आठवड्यांतच सर्वाधिक तक्रारी येतात. तुमच्या ५.२७ चं उदाहरण घ्या. ती १४ फेब्रुवारी २०२३ ला आली. बारा आठवडे मोजा, ९ मे ला ५.२७.५ निघाली, आणि १० जूनला डेबियन १२ बाहेर पडली. म्हणजे दुरुस्त्यांच्या पाचही फेऱ्या पार करून ती तुमच्यापर्यंत आली.

पण प्लाझ्माच्या खालचा, सामायिक कोडचा फ्रेमवर्क्स नावाचा थर दर महिन्याला निघतो. ॲप्सचा संच एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये. आणि ज्यावर हे सगळं उभं आहे ते क्यूटी हे खिडक्या-बटणं बांधायचं टूलकिट केडीईचं नाहीच, त्याचं वेळापत्रक त्याच्या कंपनीचं. त्यामुळे ओळीसोबत ‘फ्रेमवर्क्स’ किंवा ‘क्यूटी’ असेल तर प्लाझ्माची नवी आवृत्ती घेऊनही दोष राहू शकतो. वृत्तांत खोटा नसतो, तुम्ही भलत्याच घड्याळाकडे बघत असता.

आता डिस्ट्रो. आपल्याकडे खाजन शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना मानस ठाऊक असेल, बांधातली ती लाकडी झडप. भरती आली की ती मिटते आणि खारं पाणी भाताच्या शेतात शिरू देत नाही, ओहोटीला उघडते आणि आतलं जादा पाणी सोडते. डिस्ट्रो ही मानस आहे. डेबियनची स्थिर आवृत्ती म्हणजे जवळजवळ मिटलेली झडप: प्रकाशनानंतर सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्याच आत येतात, नव्या आवृत्त्या नाहीत. कुबुंटूची एलटीएस (दीर्घ काळ सांभाळली जाणारी आवृत्ती) साधारण तशीच. एप्रिल २०२४ ची २४.०४ आली तेव्हा प्लाझ्मा ६ ला दोन महिने होऊन गेले होते, तरी तिच्यात ५.२७ च होता. फेडोरा दर सहा महिन्यांनी नवी निघते आणि मधल्या काळातही प्लाझ्माच्या नव्या आवृत्त्या घेते. ओपनसुसे टम्बलवीडमध्ये आणि आर्चमध्ये झडप बहुतेक उघडीच. टम्बलवीडमध्ये प्रत्येक नवा संच सोडण्याआधी स्वयंचलित चाचण्यांतून जातो, म्हणून उघड्या झडपांत मला तीच जास्त भरवशाची वाटते. केडीई निऑन खुद्द केडीईच्या लोकांचीच आहे, तिची अनस्टेबल आवृत्ती घेतलीत तर या आठवड्यात लिहिलेलं याच आठवड्यात मिळतं.

सगळीकडे अशी झडप असतेच असं नाही. हायकूसारखी स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टीम बघा, २००१ पासून चाललेलं काम, पाचवी बीटा सप्टेंबर २०२४ मध्ये आली. तिथे कर्नलपासून (सिस्टीमच्या गाभ्यापासून) डेस्कटॉपपर्यंत सगळं एकाच घरचं, रोज रात्री बांधलेली प्रत कुणीही उतरवून घेऊ शकतो. वृत्तांत आणि तुमचं मशीन यांच्यात कुणी नसतं. लिनक्सच्या जगात असतं, आणि ते असण्याचा फायदा मी डोळ्यांनी पाहिला आहे.

मार्च २०२४ च्या शेवटी एक्सझेड या साध्या, फायली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत जाणूनबुजून घुसवलेलं चोरदार सापडलं. आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने (दूरच्या मशीनवर शिरण्याच्या सोयीने) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्यांनी पिच्छा सोडला नाही म्हणून ते उघड झालं. डेबियनच्या टेस्टिंग शाखेत आणि टम्बलवीडमध्ये त्या आवृत्त्या तोवर पोचल्या होत्या. डेबियन १२ मध्ये नव्हत्या. त्या आठवड्यात माझ्या शाळांतल्या एकाही मशीनला मला हात लावावा लागला नाही. माझं स्वतःचं, टम्बलवीडचं मशीन मात्र मी त्याच रात्री पुसून नव्याने उभं केलं.

याचा अर्थ उशीर नेहमी चांगला असा काढू नका. मिटलेल्या झडपेमागे दोषही तसेच अडकून राहतात, आणि तुमचा तसाच अडकलाय. उलट बाजूचं जुनं उदाहरण केडीई ४.० चं. ती ११ जानेवारी २००८ ला आली. डेव्हलपर सांगत होते की ही पायाभरणी आहे, रोजच्या कामासाठी अजून तयार नाही. पण काही डिस्ट्रोंनी ती तशीच लोकांच्या हातात दिली आणि लोकांनी वर्षानुवर्षं केडीईच्या नावाने बोटं मोडली. काम करणाऱ्यांचं ‘झालं’ आणि वापरणाऱ्याचं ‘झालं’ यांतलं अंतर मी तेव्हा शिकलो.

शिकलो असं म्हणतोय, पण पुन्हा विसरलोही. २०२४ च्या पावसाळ्यात, चवथीला आठ दिवस असताना, छापखान्याचं मशीन मी प्लाझ्मा ६ वर नेलं. कारण एवढंच, की वृत्तांतात रंग नीट दिसण्याबद्दलच्या सुधारणा वाचल्या होत्या आणि छापखान्याला त्या उपयोगी पडतील असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टाइपसेटिंग करणाऱ्या ताईंचा फोन. बाहेर धो धो पाऊस, टेबलावर सार्वजनिक गणपतीची पावतीपुस्तकं आणि दोन नाटकांची हँडबिलं, आणि त्या ‘श्री’ टाइप करतायत तर पडद्यावर एस, एच, आर, आय. प्लाझ्मा ६ पासून जुन्या एक्स११ ऐवजी वेलँड (खिडक्या पडद्यावर आणणारी व्यवस्था) हे मूळ सेशन झालं आहे. मराठी टायपिंगसाठी त्या ज्या एफसिटिक्स या इनपुट मेथडवर (रोमन अक्षरांचं देवनागरी करणाऱ्या सोयीवर) अवलंबून होत्या, ते वेलँडमध्ये आपोआप जोडलं जात नाही. सिस्टीम सेटिंग्जमध्ये ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ या नावाखाली जाऊन निवडावं लागतं. त्या नावाखाली ते असेल असं कुणाच्या मनातही येणार नाही. मला शोधायला अडीच तास लागले, आणि ते अडीच तास त्या ताई माझ्या बाजूला स्टुलावर गप्प बसून होत्या. त्यांची सबंध सकाळ मी घालवली. दोष प्लाझ्माचा नव्हता. कुठल्या मशीनवर कधी हात घालायचा याचा अंदाज माझा चुकला होता.

जाता जाता: इन्स्क्रिप्टने (भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डने) टाइप करणाऱ्यांना ही अडचण येत नाही. कीबोर्ड लेआउटच्या यादीतच मराठी इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही लेआउट आहेत, त्यांना वेगळं इनपुट मेथड लागत नाही. तुमच्या वाचनालयात नव्याने टायपिंग शिकणारी मुलं असतील तर त्यांना तेच शिकवा. आणि मराठी इंटरफेस ठेवला असेल तर एक ध्यानात असू द्या: नव्या आवृत्तीतल्या नव्या सोयींची वाक्यं कुणीतरी भाषांतर करेपर्यंत इंग्रजीतच दिसतात. ते काही बिघडलेलं नसतं, तिथे माणूस हवा आहे.

तर कुठल्या मशीनने किती जवळ राहायचं, हे परिस्थितीवर आहे. माझ्या मनात मी चार गोष्टी तपासतो. बिघडलं तर त्या जागी दुरुस्त करायला कोण आहे, आणि तो माणूस किती वेळात पोचेल? वाळपईहून पुढच्या गावात फोंड्यातून पावसात यायचं तर माझा अर्धा दिवस जातो. मशीन किती नवं आहे? नव्या लॅपटॉपला जुना कर्नल चालत नाही, तिथे फेडोरासारखं काहीतरी घेण्यावाचून गत्यंतर नसतं. उलट दहा वर्षांच्या मशीनला नव्याचा फारसा लाभ नाही. इंटरनेट कसलं आहे? टम्बलवीड आठवड्याला एखाद-दोन जीबी सहज मागते, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते जमायचं नाही. आणि त्या मशीनपुढे रांग लागते का? याच प्रश्नाला मी सर्वाधिक वजन देतो. वाचकांसाठीचं एखादं मशीन दोन तास बंद राहिलं तर वाचक शेजारच्यावर बसतो. काउंटरचं बंद पडलं तर पुस्तकं देणं-घेणं थांबतं.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. वाचकांच्या पाचांपैकी एक मशीन टम्बलवीडवर टाकलं असतं. तिथे बीटीआरएफएस या फाइल सिस्टीमवर स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमच्या त्या क्षणाच्या प्रती, आपोआप घेतले जातात. अपडेट बिघडलं तर चालू होताना मेनूतून कालचा स्नॅपशॉट निवडायचा आणि काम पुढे. त्या मशीनवर तुम्ही वृत्तांत जगाल: वाचलेलं खरंच कसं दिसतं, काय बदललं, आपल्या फॉन्टांना काही झालं का. उरलेली चार आणि काउंटर डेबियनवरच ठेवली असती, पण आता १३ वर नेली असती. ती ९ ऑगस्ट २०२५ ला आली, प्लाझ्मा ६.३ आणि कर्नल ६.१२ घेऊन. एकदम सगळी नाहीत. आधी एक, पंधरा दिवस बघायचं, मग बाकीची, आणि काउंटर सगळ्यात शेवटी, सुट्टीच्या आदल्या दिवशी बॅकअप घेऊन. घाई नाही, डेबियन १२ ला सुरक्षेचे अपडेट प्रकाशनापासून पूर्ण तीन वर्षं आणि मग एलटीएसमधून आणखी दोन वर्षं आहेत. सुरक्षेचे अपडेट मात्र डेबियनच्या पाचही मशीनांवर रोज आपोआप लागू द्या, तिथे थांबणं नको. एखादं देणगीत आलेलं ३२-बिट मशीन असेल तर त्यावर १३ चा इन्स्टॉलरच नाही, हे आधी तपासा.

पण १३ वर गेलात की पॅनेलचा दोष जाईलच असा शब्द मी देत नाही. तुमच्या ओळीत आकडा ६.४ चा आहे आणि १३ मध्ये ६.३. अनेक मॉनिटरांची हाताळणी ५.२७ मध्ये मुळापासून नव्याने लिहिली गेली आणि त्यानंतर सहाच्या मालिकेत तिच्यात खूप दुरुस्त्या झाल्या, त्यामुळे सुधारणा दिसण्याची शक्यता बरीच. खात्री करून घ्यायचा मार्ग सोपा आहे आणि त्यात काही इन्स्टॉल करावं लागत नाही. केडीई निऑनची यूजर आवृत्ती पेनड्राइव्हवर टाका, वाचनालय बंद झाल्यावर काउंटरचं मशीन त्यावरून चालू करा, दोन्ही मॉनिटर लावा, पॅनेल ग्रंथपालांच्या बाजूला ठेवा आणि त्यांच्याच मॉनिटरचा प्लग काढा. दहा सेकंदांनी परत घाला. पॅनेल पुन्हा ग्रंथपालांच्या बाजूला आलं तर ती दुरुस्ती तुमच्याच दोषाची होती आणि आता प्रश्न उरला तो फक्त झडपेचा. नाही आलं, तर तुमचा दोष वेगळा आहे. वृत्तांतातली ती ओळ तुमच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या कुठल्या दोषाची होती.

आता ती तिसरी गोष्ट. एका शाळेच्या कार्यालयात हुबेहूब अशीच तक्रार होती. मी टेबलाखाली फरशीवर बसून मॉनिटरचा प्लग अकरा वेळा काढला आणि घातला. डिस्प्लेपोर्टची केबल असताना अकराही वेळा पॅनेल हललं. तोच मॉनिटर एचडीएमआयने जोडला आणि पुन्हा अकरा वेळा केलं, एकदाही हललं नाही. कारण असं: डिस्प्लेपोर्टवरच्या बऱ्याच मॉनिटरांची वीज गेली की ते संगणकाच्या लेखी अस्तित्वातच राहत नाहीत, जणू केबलच उपटली. एचडीएमआयवर सहसा जोडणी शाबूत दिसते. मग मी यूपीएसकडे पाहिलं. बॅटरीवर चालणारी सॉकेटं दोनच. एकात सीपीयू, दुसऱ्यात एक मॉनिटर, आणि दुसरा मॉनिटर थेट भिंतीत. लाइट गेली की संगणक जागा, एक मॉनिटर जागा, दुसरा नाहीसा. संगणक आपल्या परीने घर आवरून घेतो, सगळं उरलेल्या मॉनिटरवर आणतो. आणि अर्ध्या मिनिटाने लाइट आली की पुन्हा मांडामांड. पावसाळ्यात आपल्याकडे हे दिवसातून पाच-सहा वेळा घडतं, आणि त्या मांडामांडीतच जुन्या प्लाझ्माची गफलत होते.

तुमच्याकडे पॅनेल वाचकांच्या मॉनिटरवर जातं, म्हणजे बहुधा यूपीएसवर वाचकांचा मॉनिटर आहे आणि ग्रंथपालांचा भिंतीत. टेबलाखाली वाकून बघा. तसं असेल तर दोन्ही मॉनिटर यूपीएसवर घ्या. एलईडी मॉनिटर फार वीज खात नाही, यूपीएसला तो जड जाणार नाही. कुठल्याही अपडेटशिवाय दोष दिसेनासा होण्याची चांगली शक्यता आहे. त्याने भागलं नाही तर दोन्ही मॉनिटर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आहेत का बघा. मॉनिटर आपली ओळख ईडीआयडी नावाच्या छोट्याशा नोंदीतून देतो: कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक. काही मॉनिटरांत अनुक्रमांकाची जागा रिकामीच असते, नाहीतर सगळ्यांत सारखा आकडा. मग दोन जुळे समोर उभे राहावेत तसं प्लाझ्माचं होतं, डावा कोण आणि उजवा कोण ते केवळ पोर्टवरून ओळखावं लागतं.

आणि निऑनच्या पेनड्राइव्हवरही दोष घडला तर कृपा करून तो नोंदवा. डेबियन १२ च्या ५.२७ वरून नोंदवू नका, ती मालिका केडीईने केव्हाच मागे सोडली आहे आणि पहिलं उत्तर ‘नव्या आवृत्तीवर बघा’ असंच येईल. नव्यावर घडलेला दोष ते मनापासून बघतात. २०२२ पासून केडीईत ‘पंधरा मिनिटांचे बग’ अशी वेगळी यादीच आहे: नवा माणूस डेस्कटॉपसमोर बसला आणि पहिल्या पंधरा मिनिटांत ज्यांच्याशी त्याची गाठ पडेल असे दोष. ती यादी किती उतरली हे वृत्तांतात दर आठवड्याला छापत आले आहेत. नोंदवताना एका तक्रारीत एकच दोष. आवृत्त्या चारही लिहा: प्लाझ्मा, फ्रेमवर्क्स, क्यूटी, कर्नल, सगळ्या त्याच ‘अबाउट’च्या पानावर एका बटणाने कॉपी होतात. वेलँड की एक्स११, केबल कुठली, मॉनिटर कुठले, कुठला प्लग आधी काढला. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी काही बिघडत नाही, पायऱ्या क्रमाने असल्या म्हणजे झालं.

एकच काळजी घ्या, माझी एक चांगली तक्रार यात बुडाली आहे. डेव्हलपरने काही विचारलं की तक्रारीवर ‘माहिती हवी’ असा शिक्का बसतो. पंधरा दिवस उत्तर आलं नाही तर आठवण करून देणारं पत्र येतं, आणखी पंधरा दिवसांनी तक्रार आपोआप बंद होते. माझं पत्र ईमेलच्या स्पॅममध्ये पडून होतं, चवथीच्या धामधुमीत मी पाहिलंच नाही. पुढे कळवलं की ती पुन्हा उघडता येते, पण तोवर त्या डेव्हलपरचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं. म्हणून नोंदवल्यावर महिनाभर दर दोन दिवसांनी स्पॅमचा फोल्डर उघडत जा.

आधी यूपीएस बघा, मग पेनड्राइव्हची चाचणी, आणि डिस्ट्रोचा विचार त्यानंतर. केबल डिस्प्लेपोर्टची आहे की एचडीएमआयची, आणि दोन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे आहेत का, एवढं इथेच कळवा. जुळे असतील तर त्यांचं ईडीआयडी कसं वाचायचं ते मी लिहून देतो.